मापात पाप नेमकं कुठं होतं?

परवा संध्याकाळी शेजारच्या काकू फोन हातात घेऊनच दारात आल्या. "इंटरनेटचा २०० स्पीडचा प्लॅन घेतलाय आम्ही, आणि हे बघ काय येतंय. अडतीस! सरळसरळ लुबाडणं झालं हे." स्क्रीनवर खरंच ३८ होते. त्याच दुपारी कंपनीचा मुलगा येऊन गेला होता. त्यानं राउटरला खेटून उभं राहून स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट लावली, १८६ चा आकडा दाखवला, "बघा मॅडम, फुल स्पीड येतंय," म्हणाला आणि तक्रार बंद करून गेला.

दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. पुढचा आठवडाभर आम्ही मिळून मोजमाप केलं, तेव्हा कळलं की काकूंच्या तक्रारीतला एक भाग घरातल्या घरातच मिटण्यासारखा होता आणि दुसरा खरोखर कंपनीचा होता. पण कंपनीचा जो दोष होता, तो त्या मुलाच्या टेस्टमध्ये कधीच दिसला नसता. कारण त्यानं चुकीच्या वेळी आणि चुकीच्या ठिकाणाशी मोजलं होतं. काकूंनीही चुकीच्या जागी मोजलं होतं.

दुधाचं उदाहरण घ्या. गवळी दूध घालतो तेव्हा आपण माप बघतो ते उंबऱ्यावर. दूध तापवलं, थोडं उतू गेलं, मांजरानं तोंड घातलं, आणि मग उरलेलं मोजून गवळ्याशी भांडायला गेलो तर तो ऐकून घेणार नाही. इंटरनेटचाही असा एक उंबरा असतो. बाहेरून येणारी बारीक काळी किंवा पांढरी फायबरची वायर ज्या डब्यात शिरते, तो डबा. कोणी त्याला मोडेम म्हणतं, कोणी ओएनटी, कोणी नुसतंच राउटर. त्या डब्यापर्यंतचं माप कंपनीनं द्यायचं. डब्यापासून बेडरूममधल्या फोनपर्यंत जे सांडतं ते बहुतेक वेळा आपल्या घरातलं असतं. कंपनीशी भांडायचं असेल तर माप उंबऱ्यावर घेतलेलं हवं, नाहीतर आपली बाजू पहिल्याच वाक्यात पडते.

२०० म्हणजे किती

आधी आकड्याचा घोळ मिटवू. कंपनी वेग सांगते सेकंदाला इतके मेगाबिट, म्हणजे एमबीपीएसमध्ये, आणि फाइल उतरवताना संगणक बऱ्याचदा दाखवतो मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे २०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त २५ मेगाबाइट उतरणार. रोमन लिपीत लिहिताना बिटसाठी लहान बी आणि बाइटसाठी मोठा बी वापरतात, एवढाच काय तो फरक, आणि तो घाईत कुणाच्याच लक्षात येत नाही. "२०० सांगितले आणि २३ च येतात" अशी तक्रार घेऊन आलेल्या दोघातिघांना मी आठनं गुणायला लावलंय. त्यांची लाइन अगदी ठणठणीत होती.

दुसरं म्हणजे, २०० च्या लाइनवर टेस्टमध्ये २०० दिसले नाहीत तरी ते खोट नव्हे. माहिती छोट्या पाकिटांतून येते आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक वगैरे लिहिलेला असतो. लॅन केबलवरून (डब्यापासून संगणकाला लावायची वायर) जाणारं नेहमीचं पूर्ण पाकीट पत्त्यासकट आणि मधल्या मोकळ्या जागेसकट १५३८ बाइटचं भरतं, त्यात आपल्या कामाचा माल १४६० बाइट. म्हणजे साधारण ९५ टक्के. २०० चे १९० इथंच झाले. काही कंपन्या हे ओळखून लाइन थोडी वाढवूनच सोडतात, तेव्हा २०५ वगैरेही दिसतात. १८५ ते २०० मधलं काहीही आलं तर मी त्याला पूर्ण माप म्हणतो.

तिसरी गोष्ट जाहिरातीतल्या "पर्यंत" या शब्दाची. "२०० एमबीपीएसपर्यंत" यात कमीत कमी किती मिळणार याचा शब्दच नाही. आपल्याकडे सरकारी व्याख्येनं ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किती वेग लागतो? २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस होता (हजार केबीपीएसचा एक एमबीपीएस), २०१३ मध्ये ५१२ झाला, आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. म्हणजे २०० चा प्लॅन विकून ३ दिले तरी ते व्याख्येपुरतं ब्रॉडबँडच. म्हणून त्या व्याख्येच्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा उपयोगाचा आकडा सापडतो ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २००६ सालच्या दर्जाविषयक नियमांत: कंपनीच्या नोडपासून, म्हणजे तिच्या केंद्रापासून, ग्राहकापर्यंतचा डाउनलोड वेग प्लॅनच्या ८० टक्क्यांहून जास्त असावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून लँडलाइन, मोबाइल आणि ब्रॉडबँड या सगळ्यांसाठी नवे एकत्रित नियम लागू झाले आहेत, पण हाताशी धरायची पट्टी म्हणून मी अजूनही ८० टक्केच वापरतो. २०० च्या प्लॅनवर १६० च्या वर असेल तर भांडण नाही. सतत त्याच्या खाली असेल तर आहे.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून हे बरंच सरळ केलंय. तिथं जाहिरातीत जो सरासरी वेग छापायचा, तो रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळेत किमान निम्म्या ग्राहकांना मिळालाच पाहिजे. गर्दीच्या वेळेचा आकडा जाहिरातीत छापायला लावणं ही एवढी साधी गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडे व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक तपासून घ्या. "अनलिमिटेड" प्लॅनमध्येही मर्यादा असते. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी आहे. ऐकायला ते अफाट वाटतं. पण २०० एमबीपीएसनं अखंड माल उतरत राहिला तर ३३०० जीबी जेमतेम ३७ तासांत संपतात. नेहमीच्या घरात एवढा वापर होत नाही, तरी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग दिवसरात्र क्लाउडवर चढत असेल तर महिन्याच्या शेवटी वेग अचानक का पडला याचं उत्तर इथं मिळू शकतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायनं कंपन्यांना बजावलं होतं की ही मर्यादा किती, तोवरचा वेग किती आणि त्यानंतरचा किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा, आणि नंतरचा वेगही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका. तेव्हा प्लॅनचं पान शेवटपर्यंत वाचा. "नंतरचा वेग" तळाशी बारीक अक्षरात असतो.

टेस्ट नेमकं काय करते

गोल बटण दाबलं की टेस्ट आधी जवळपासचे सर्व्हर शोधते आणि त्यातला जो सगळ्यात लवकर "ओ" देतो तो निवडते. हाकेला ओ यायला लागलेला वेळ म्हणजे पिंग. मग त्या सर्व्हरवरून एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून दहा-पंधरा सेकंद नुसता कचरा-माल ओतते आणि किती आला ते मोजते. नंतर तेच उलट्या दिशेनं, अपलोडसाठी. २०० च्या लाइनवर एका टेस्टमध्ये डाउनलोडलाच तीन-चारशे एमबी जातात. मोबाइल डेटावर हौसेनं दहा वेळा टेस्ट लावाल तर दिवसाचा डेटा संपेल.

यातली कळीची गोष्ट "कोणता सर्व्हर" ही आहे. ओकला कंपनीची स्पीडटेस्ट २००६ पासून चालू आहे आणि तिचे बरेचसे सर्व्हर इंटरनेट कंपन्यांनीच आपल्या आवारात ठेवलेले असतात. तुम्ही बटण दाबता आणि टेस्ट आपोआप तुमच्याच कंपनीचा सर्व्हर निवडते, कारण तोच सगळ्यात जवळचा. मग तुम्ही मोजता ते घरापासून कंपनीच्या खोलीपर्यंतचं अंतर. इंटरनेट तर त्या खोलीच्या पलीकडे सुरू होतं. फास्ट डॉट कॉम ही नेटफ्लिक्सनं २०१६ मध्ये काढलेली टेस्ट आहे, ती नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते. गूगलवर "स्पीड टेस्ट" असं शोधलं की येणारी टेस्ट मेझरमेंट लॅब या प्रकल्पाची. क्लाउडफ्लेअरची आणखी वेगळी. चार टेस्ट चार आकडे देतात म्हणून वैतागू नका. त्या चार वेगवेगळ्या रस्त्यांवर उभ्या आहेत, आणि त्यांच्या आकड्यांतला फरकच आपल्याला सांगतो की कोंडी कोणत्या चौकात आहे. कुठल्या सर्व्हरशी टेस्ट झाली हे निकालाखाली लिहिलेलं असतं आणि तो बदलताही येतो. कंपनीच्या माणसानं टेस्ट दाखवली की आधी ती ओळ वाचा.

काकूंच्या घरात

आम्ही सुरुवात लॅपटॉप आणि लॅन केबलनं केली. वाय-फाय बंद, फोन बंद, टीव्ही बंद, मुलीच्या ऑफिसचं व्हीपीएन बंद. मुलीच्या टेबलापर्यंत आधीच एक केबल भिंतीतून ओढलेली होती, तीच लावली. आकडा आला ९४.

हा ९४ ओळखून ठेवा. प्लॅन १५० चा असो, २०० चा असो की ३०० चा, वायर लावून आकडा ९३ ते ९५ मध्ये अडकून बसत असेल तर बहुतेक वेळा कंपनी निर्दोष असते. वाटेत कुठंतरी १०० वरच अडवणारा भाग आहे आणि त्याचे ९५ टक्के म्हणजे हे ९४. कधी डब्याचा पोर्टच (केबल खोचायची जागा) जुना, १०० चा असतो. कधी लॅपटॉपला लावलेला स्वस्तातला यूएसबी अडॅप्टर १०० चा असतो. आणि फार वेळा दोष केबलच्या टोकात असतो. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन दोन वळलेल्या चार जोड्या. १०० चं काम नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्यांवर भागतं. त्याच्यापुढचा गिगाबिट, म्हणजे १००० चा वेग मिळायला आठही तारा शाबूत लागतात. बाकीच्या दोन जोड्यांतली एक जरी तार सुटली तर दोन्हीकडची यंत्रं आपापसात ठरवून गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे दोन्हीकडच्या यंत्रांनी आपापसात ठरवलेला वेग, बघितला. १०० होता. केबलचं प्लास्टिकचं टोक खिडकीशी उजेडात धरलं तर तपकिरी जोडीतली एक तार खाचेत पोचलीच नव्हती, मिलिमीटरभर मागं राहिली होती. क्रिम्पिंग करणाऱ्यानं घाईत दाबून टाकलेलं. कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीवाल्याकडून नवं टोक बसवून घेतलं. लिंक स्पीड १००० झाला, टेस्ट १८९. दुपारचे तीन वाजले होते. मुलगी म्हणाली, "दोन वर्षं मी ह्या टेबलावर काम करतेय." दोन वर्षं ती २०० चे पैसे भरून १०० वापरत होती, आणि कारण होतं मिलिमीटरभर.

मग काकूंच्या फोनवरचे ३८. त्यांचा फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडलेला होता. या पट्ट्यात साध्या फोनला एका अँटेनावर, नेहमीच्या २० मेगाहर्ट्झच्या रुंदीत, ७२ एमबीपीएसची जोडणी मिळते, आणि ती कागदावरची. वाय-फायमध्ये एका वेळी एकानंच बोलायचं असतं. राउटर बोलतो तेव्हा फोन गप्प, फोन बोलतो तेव्हा राउटर गप्प, आणि शेजारच्या घरातला राउटर त्याच चॅनेलवर असेल तर तो बोलेपर्यंत हे दोघंही गप्प. त्यामुळे ७२ पैकी निम्म्याच्या आसपास हाती लागतं. म्हणजे ३८ हा आकडा त्या फोनला, त्या जागी, अगदी बरोबर होता. काकूंच्या बेडरूममध्ये आम्हाला चौदा घरांची वाय-फाय नावं दिसली. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. चौदा घरं तीन चॅनेलवर. शिवाय मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही ह्याच पट्ट्यात.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आणि मोकळा असतो. दोन अँटेनांच्या फोनला तिथं ८६७ ची जोडणी मिळते आणि खोलीत समोर राउटर असेल तर २०० चा प्लॅन आरामात पूर्ण वापरला जातो. पण भिंती ओलांडताना तो दमतो. काकूंचा राउटर दारावरच्या माळ्यावर, स्टीलच्या डब्यांच्या मागं ठेवलेला, आणि मध्ये आरशाचं लोखंडी कपाट. "दिसायला बरं नाही दिसत म्हणून तिकडं ठेवलं." राउटर हॉलमध्ये उघड्यावर, छातीच्या उंचीला आणला आणि फोन ५ वर जोडला. बेडरूममध्ये १३०. यापुढं पाहिजे असेल तर केबल ओढून दुसरा राउटर लावावा. हवेतूनच सिग्नल उचलून हवेतूनच पुढं देणारे साधे रिपीटर मी कुणाला सुचवत नाही, ते एकाच पट्ट्यावर दोन्ही कामं करतात आणि वेग साधारण निम्मा खातात.

एवढं झाल्यावर काकूंना वाटलं, आता मिटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

रात्री साडेनऊ

त्याच दिवशी रात्री काकूंच्या मुलीचा मेसेज: "वायर लावूनच टेस्ट केली. ६१." केबल नवी, पोर्ट गिगाबिट, बाकी सगळं बंद. आता मात्र घरात शोधायला काही उरलं नव्हतं.

फायबर आला म्हणजे आपल्याला एकट्याची वायर मिळाली असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आपल्याकडे घरोघरी जे जीपॉन फायबर आहे, त्यात कंपनीकडून निघालेला एक धागा खांबावरच्या किंवा जिन्यातल्या डब्यात फुटून ३२ किंवा ६४ घरांत जातो, आणि त्या सगळ्यांत मिळून डाउनलोडला साधारण २.५ गिगाबिट असतात. ३२ घरांना २०० चा प्लॅन विकला तर विकले ६.४ गिगाबिट, आहेत अडीच. हे ऐकून काकू चिडल्या, पण ह्यात मुळात लबाडी नाही. लग्नात पाचशे पानं असली तरी पंगतीला पाट दीडशेच मांडतात, कारण सगळे एकदम जेवायला बसत नाहीत. ट्रायनंही २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास एवढी वाटणी मान्य केली होती. लबाडी सुरू होते ती पाहुणे वाढत गेले आणि पाट मात्र तेवढेच ठेवले तेव्हा.

गर्दी दोन ठिकाणी होऊ शकते. एक, गल्लीतल्या त्या धाग्यावर. दोन, कंपनीच्या खोलीतून बाहेर जाणाऱ्या पाइपवर. छोटा केबलवाला किंवा स्थानिक कंपनी हा बाहेरचा पाइप मोठ्या कंपनीकडून विकत घेते, आणि खर्च वाचवायचा मोह इथंच होतो. २००६ च्या नियमांत या पाइपसाठीसुद्धा निकष होता, त्याचा वापर ८० टक्क्यांच्या खाली राहावा, म्हणजे गर्दीला थोडी जागा शिल्लक राहील.

कोंडी कुठं आहे हे घरबसल्या कळतं. त्या रात्री आम्ही दोन टेस्ट पाठोपाठ लावल्या. पहिली कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरशी: १८३. दुसरी, सर्व्हर बदलून, मुंबईतल्या दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरशी: ५९. दोन्ही पडल्या असत्या तर गल्लीतला धागा किंवा जोडणी संशयित. पहिली चांगली आणि दुसरी पडलेली, म्हणजे गल्ली मोकळी आहे, बाहेरचा पाइप तुंबलाय. दुपारी आलेल्या मुलानं कंपनीच्या सर्व्हरशी मोजलं होतं. रात्री साडेनऊला आला असता तरी त्याला "फुल स्पीड"च दिसलं असतं. त्याचा त्यात दोष नाही, त्याला तेवढंच शिकवलेलं आहे.

वही

एका रात्रीच्या आकड्यानं काही सिद्ध होत नाही. जर्मनीत तिथल्या नियामकानं यासाठी रीतसर पद्धत घालून दिलीय: ग्राहकानं नियामकाच्याच ॲपवर तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० वेळा मोजायचं, आणि ते पुराव्यादाखल धरून बिल कमी करून मागता येतं. आपल्याकडे असं अधिकृत माप नाही. भाजीवाल्याच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, इंटरनेटच्या मापावर शिक्का मारणारं कुणी नाही. म्हणून आपण स्वतःच शिस्तीनं मोजायचं.

काकूंनी एक दोनशे पानी वही घेतली. सात दिवस, रोज पाच वेळा: सकाळी ८, दुपारी २, संध्याकाळी ७, रात्री ९:३० आणि ११:३०. प्रत्येक वेळी वायरवर, तोच लॅपटॉप, तीच केबल, तोच बाहेरचा सर्व्हर, आणि लगेच कंपनीचा सर्व्हर. तारीख, वेळ, डाउनलोड, अपलोड, पिंग. निकालाची लिंक मुलीच्या मेलमध्ये जपून ठेवायची. कमी आकडा आला म्हणून पुन्हा लावायची नाही आणि जास्त आला म्हणूनही नाही. हा शेवटचा नियम मी मुद्दाम घातला, कारण रागात असलेला माणूस नकळत सगळ्यात वाईट आकडा निवडतो आणि मग समोरचा सगळी वहीच नाकारतो.

सात रात्रींचे साडेनऊचे, बाहेरच्या सर्व्हरचे आकडे असे होते: ६१, ५४, ७२, ५८, १८८, ६६, ४९. पाचव्या रात्री १८८ कसे? त्या रात्री सिंहगड रोडच्या आमच्या सगळ्या पट्ट्यातली लाइट गेली होती. काकूंकडे इन्व्हर्टर आहे. बाकीच्यांचे राउटर बंद पडले आणि तुंबलेला पाइप मोकळा झाला. एवढा बोलका पुरावा ठरवून मिळाला नसता.

अशा वेळी सरासरी काढू नका. ह्या सातांची सरासरी ७८ येते, त्या एका रात्रीनं ती फुगवलीय. आकडे चढत्या क्रमानं मांडा आणि मधला घ्या: ४९, ५४, ५८, ६१, ६६, ७२, १८८. मधला ६१. प्लॅनच्या तीस टक्के. दुपारचा मधला आकडा १८८ आणि कंपनीच्या सर्व्हरचा रात्रीचा १८२. तीन आकड्यांत सगळं प्रकरण आलं.

पिंगबद्दल थोडक्यात. ज्यांचं काम व्हिडिओ कॉलवर चालतं त्यांना वेगापेक्षा पिंग जास्त छळतो. साध्या वेळी पिंग ७ मिलिसेकंद असतो, आणि घरात कुणी लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला लावले की २०० च्या वर जातो. राउटरच्या पोटात पाकिटांची रांग लागते आणि तुमचा आवाज त्या रांगेत उभा राहतो. फास्ट डॉट कॉम आणि क्लाउडफ्लेअर दोन्ही भाराखालचा पिंग वेगळा दाखवतात, तो बघा. राउटरमध्ये वेगाची मर्यादा घालायची सोय असेल तर ती मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर लावा. थोडा वेग जातो, पण रांग लागत नाही आणि कॉल तुटत नाहीत.

तक्रार

काकूंनी तक्रार मराठीत लिहिली, जेमतेम पाच ओळी: "आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. सोबत सात दिवसांच्या ३५ वेळांच्या नोंदी जोडल्या आहेत, सर्व लॅन केबलवर घेतलेल्या. दुपारी पूर्ण वेग मिळतो. रात्री ९:३० वाजता तुमच्या सर्व्हरशी १८२, परंतु बाहेरच्या सर्व्हरशी ६१ मिळतो. म्हणजे अडचण आमच्या घरात किंवा गल्लीत नसून तुमच्या बाहेरच्या जोडणीत आहे. कृपया रात्रीच्या वेळी ती तपासून लेखी कळवावे." फोनवर "नेट स्लो आहे" म्हटलं की "राउटर बंद करून चालू करा" हेच उत्तर येतं. या पत्राला ते उत्तर देता येत नाही.

तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, घ्या, तो नसेल तर तक्रार झालीच नाही असं धरा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं असतं, हा टप्पा फार लोकांना ठाऊकच नसतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथं लिहून महिने घालवू नका. दूरसंचार विभागाच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे, केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवरून, जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दूरसंचारच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात की नाही याबद्दल बरीच वर्षं वाद होता, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिटवला: चालतात. वही तिथंही उपयोगी पडते.

काकूंना आयोगापर्यंत जावं लागलं नाही. अपिलानंतर चौथ्या दिवशी कंपनीतून फोन आला, यावेळी नेटवर्कवाल्या इंजिनिअरचा. त्यानं वेळा विचारल्या, काकूंनी वहीतून वाचून दाखवल्या. "बरोबर आहे काकू, संध्याकाळी आमची बाहेरची लिंक भरते. नवी लिंक घेतोय, आठवडा लागेल." आठवड्याऐवजी बारा दिवस लागले. तेराव्या रात्री साडेनऊला बाहेरच्या सर्व्हरशी १८१.

आता महिन्याच्या पहिल्या तारखेला रात्री साडेनऊला त्या एकदाच टेस्ट लावतात. आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितात, दुधाच्या हिशेबाच्या त्याच चौकटीत, दीड लिटरच्या खाली.